क्षितिज किंचित डावीकडे झुकलंय

डोंगरदऱ्यांचा फोटो कुणाला दाखवला की दोनपैकी एक गोष्ट होते. पाहणारा आपला माणूस असला तर ‘अप्रतिम!’ म्हणतो, आणि फोटोग्राफीतला जाणकार असला तर ‘क्षितिज किंचित डावीकडे झुकलंय’ म्हणतो. पहिला अभिप्राय लग्नाच्या पंगतीतून उठताना यजमानाला ‘बेत झकास होता’ म्हणतात त्या जातीचा. त्यात खोटेपणा नसतो, पण जिलबीविषयी काही माहितीही नसते. ‘कडक’, ‘एक नंबर’, ‘काय टिपलंय!’, ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ ही त्याचीच भावंडं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असो, कासचं पठार असो, नाणेघाटात वाऱ्यानं उलटा उडणारा धबधबा असो, नाहीतर पावसाळी माळशेजात उभी केलेली कुणाची तरी नवी गाडी असो, पारणं सारखंच फिटतं. दुसरा अभिप्राय मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण त्यात माप असतं. क्षितिज खरंच झुकलेलं असतं. अर्ध्या अंशानं का होईना, पण असतं. ज्याला हे ऐकवलं जातं तो रात्री बसून क्षितिज सरळ करतो, दुसऱ्या दिवशी तोच फोटो पुन्हा दाखवतो, आणि आता तोच जाणकार ‘उत्तम!’ म्हणतो. डोंगर कालचाच, उजेड कालचाच, फोटो काढण्यामागचं कारण, असलंच तर, तेही कालचंच. फक्त एक तक्रार मिटलेली असते. माझं म्हणणं असं की, निसर्गचित्रांची समीक्षा म्हणून जे काही चालतं ते बहुतांशी दुरुस्तीचं खातं आहे. जे दुरुस्त करता येतं तेवढंच या खात्याला दिसतं. हा फोटो मुळात कशासाठी काढला, हा प्रश्न दुरुस्त करता येत नाही, म्हणून तो कुणी विचारतही नाही. आणि हे ज्याला पडताळून पाहायचं असेल त्यानं जुन्या स्लाइड्स स्कॅन करणाऱ्या माणसाकडे तासभर बघत बसावं.

हा आजार मोबाइलबरोबर आला असं म्हणायची सोय नाही. कॅमेरा जन्माला यायच्या आधीपासून तो आहे. विल्यम गिल्पिन नावाचे एक इंग्रज पाद्री अठराव्या शतकात देशभर हिंडून कुठला देखावा चित्रात शोभेल आणि कुठला शोभणार नाही याचे निवाडे देत असत. वाय नदीच्या काठचे टिंटर्न ॲबीचे भग्नावशेष त्यांनी पाहिले आणि 1782 साली छापलेल्या पुस्तकात तक्रार नोंदवली. पडझड उत्तम आहे, पण त्रिकोणी भिंतींची टोकं डोळ्याला खुपतील इतकी नेमस्त राहिली आहेत. कुणी बेतानं हातोडा चालवला तर बरं होईल, असा तिचा मथितार्थ. हातोडा चालवायची छाती कुणाची होणार, ही शंकाही त्यांनीच काढली, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्याच काळात हौशी प्रवासी ‘क्लॉद ग्लास’ नावाचा काळपट, किंचित फुगीर आरसा खिशात बाळगत. देखाव्याकडे पाठ करून उभं राहायचं, आरसा डोळ्यांसमोर धरायचा आणि पाठीमागचा डोंगर त्यात लहान आणि मवाळ रंगांचा झालेला पाहून खूश व्हायचं. टॉमस ग्रे हा कवी 1769 मध्ये इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात असाच उघडा आरसा हातात घेऊन फिरताना चिखलाच्या वाटेवर उताणा पडला आणि बोटांची पेरं फोडून घेतली. सूर्यास्त मात्र त्यानं सोडला नाही. चौकटीचे तीन भाग पाडण्याचा जो ‘रूल ऑफ थर्ड्स’ आज प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर रेघा मारून दाखवतात, तो त्या नावानं 1797 मध्ये जॉन टॉमस स्मिथ या चित्रकाराच्या पुस्तकात आला. म्हणजे देखावा सुधारायचा हातोडा, देखाव्याला पाठ दाखवणारा फिल्टर आणि तिसऱ्या भागाचा नियम अशी सगळी तयारी आधीच झाली होती. फोटो काढणारे तेवढे यायचे होते.

मध्यंतरी काही दशकं या समीक्षकांची मोठी पंचाईत झाली, आणि ती स्लाइडनं केली. स्लाइड म्हणजे 24 बाय 36 मिलिमीटरचा पारदर्शक तुकडा, दोन इंच चौरस पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या माउंटमध्ये बसवलेला. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लॅबवाला बरंच काही सांभाळून घेतो. इथे मध्ये कुणीच नाही. कॅमेऱ्यात जे पडलं तेच भिंतीवर दिसणार. झगझगीत उजेड आणि गडद सावली यांमधलं जेमतेम पाच स्टॉपांचं अंतर ही फिल्म पेलते. त्यामुळे भर दुपारी सह्याद्रीच्या घळीत उभं राहून आकाश सांभाळावं तर घळ काळीठिक्कर, आणि घळ सांभाळावी तर आकाश पांढरंफटक. आणि जे झालं ते झालं. दुरुस्तीची सोय नाही म्हटल्यावर दुरुस्तीखात्याला काम उरलं नाही. समुद्र तिरका दिसतोय असं अंधारात कुणी ओरडलंच, तर प्रोजेक्टरच्या एका पायाखाली जुनं पंचांग सारायचं आणि पुढे जायचं, एवढाच उपाय होता. आणि त्यानं पुढची प्रत्येक स्लाइड तिरकी व्हायची.

त्या अंधारात प्रेक्षक काय विचारायचे ते आठवून पाहण्यासारखं आहे. कोडॅकचा कॅरूसेल प्रोजेक्टर 1961 मध्ये आला. त्याच्या गोल ट्रेमध्ये 80 स्लाइड्स बसायच्या आणि ट्रेमध्ये जागा रिकामी ठेवणं कुठल्याच यजमानाच्या स्वभावात नव्हतं. गिर्यारोहण संस्थांच्या हॉलमध्ये हिमालयातल्या मोहिमांचे स्लाइड शो व्हायचे, आणि घरोघरी अमेरिकेहून सुट्टीवर आलेला भाचा पांढऱ्या चादरीवर नायगारा आणि ग्रँड कॅन्यन दाखवायचा. पंखा बंद, कारण चादर हलते. दारं बंद, कारण उजेड येतो. मंडळी घामाघूम. पहिला प्रश्न यायचा, ‘हे कुठलं रे?’ दुसरा, ‘यात तू कुठे आहेस?’ आणि तिसरा, आजीचा, ‘इतकं पाणी येतं कुठून?’ कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, हे विचारणारा एखादाच, आणि तो पुढच्या महिन्यात स्वतः कॅमेरा घेणार असायचा. हे प्रेक्षक फार रसिक होते असा माझा दावा नाही. निम्मे अंधाराचा फायदा घेऊन झोपत. पण त्यांचे तिन्ही प्रश्न चित्राविषयी होते. ही जागा कुठली, तिथे माणसाचं काय काम, आणि जे दिसतंय ते घडतं कसं. नायगाराच्या फोटोवर याहून मूलभूत प्रश्न कुठल्या परीक्षकानं विचारले असतील असं वाटत नाही. आणि कंटाळा आला की तो जांभईनं, तत्क्षणी, भाच्याच्या तोंडावर कळवला जायचा. जांभईत सौजन्य नसतं, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

आता ते प्रोजेक्टर गेले. कॅरूसेल बनवणं 2004 मध्ये थांबलं. 1935 मध्ये दोन संगीतकारांनी, एका पियानोवादकानं आणि एका व्हायोलिनवादकानं, जिला जन्म दिला ती कोडाक्रोम 2009 मध्ये बंद झाली, आणि ती धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी होती. तिनंही 30 डिसेंबर 2010 नंतर रोल घेणं थांबवलं. आपल्याकडे उरले ते गोदरेजच्या कपाटातले खोके, दर पावसाळ्यात फिल्मच्या जिलेटिनवर जाळं विणणारी बुरशी, आणि निवृत्तीनंतर ‘आता हे एकदा मार्गी लावायचं’ म्हणून स्कॅनर विकत घेणारे काका. इथून दुरुस्तीखात्याचा सुवर्णकाळ सुरू होतो. चांगला फिल्म स्कॅनर इंचाला 4000 बिंदू टिपतो, म्हणजे त्या टीचभर तुकड्यातून आडवे 5600 आणि उभे 3700 हून अधिक, एकूण दोन कोटींवर बिंदू निघतात. ही फाइल संगणकाच्या नेहमीच्या पडद्यावर पूर्ण आकारात उघडली की मूळ फिल्म सुमारे चाळीसपट मोठी होते. चाळीसपट मोठ्या केलेल्या कुठल्याही वस्तूवर पहिल्यांदा धूळच दिसते. मग काका डोळे बारीक करून आकाशातला एकेक ठिपका टिपायला बसतात. केदारनाथच्या एका स्लाइडमागे संध्याकाळ जाते. त्या संध्याकाळी त्यांनी केदारनाथ पाहिलेलं नसतं. त्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यातले ठिपके पाहिलेले असतात. घरातलं कुणी मागून डोकावून ‘हे कुठलं?’ विचारलं तर ‘थांब, अजून झालं नाही’ असं उत्तर मिळतं.

धूळ काढायचं हे काम यंत्रावर सोपवायची सोयही आहे, आणि ती इतकी बोलकी आहे की तिच्यावर थोडं रेंगाळायला हरकत नाही. स्कॅनर नेहमीच्या लाल, हिरव्या, निळ्या उजेडाखेरीज एकदा अवरक्त किरणांनी स्लाइड तपासतो. रंगीत फिल्ममधले रंग म्हणजे रंजकद्रव्यं. अवरक्त किरण त्यांतून आरपार जातात. धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवतात. म्हणजे अवरक्त चित्रात डोंगर नाही, झाड नाही, काही नाही, निव्वळ घाण दिसते. मग यंत्र म्हणतं, हे डाग मुख्य चित्रातून वजा कर आणि आजूबाजूच्या रंगानं भोक बुजव. ‘डिजिटल आइस’ या नावानं हे तंत्र प्रसिद्ध आहे आणि साध्या रंगीत स्लाइडवर ते कमालीचं चालतं. पण जुन्या कृष्णधवल फिल्मवर ते लावलं की घोटाळा होतो. त्या फिल्ममधलं चित्र रंजकद्रव्याचं नसतं, चांदीच्या कणांचं असतं, आणि चांदी अवरक्त किरण अडवते. यंत्राच्या दृष्टीनं मग अख्खं चित्र हीच धूळ होते आणि ते इमानेइतबारे चित्र पुसायला लागतं. कोडाक्रोमच्या बाबतीतही गडबड होते; तिथे काही बारीक तपशील यंत्राला कचरा वाटतो आणि कड्यावरच्या करवंदीच्या जाळीची पानं ते साफ करून टाकतं. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला फक्त अडथळे ओळखायला शिकवलंय; जे अडवतं ते घाण, इतकंच त्याचं सौंदर्यशास्त्र. त्याच शिकवणीचे चालतेबोलते विद्यार्थी फोटोंच्या प्रत्येक स्पर्धेत परीक्षकांच्या खुर्चीत बसलेले असतात. फोरग्राउंडमधला दगड ‘डिस्ट्रॅक्टिंग’ आहे, विजेची तार काढायला हवी होती, ती गुराखी बाई नसती तर फ्रेम ‘क्लीन’ झाली असती. ती बाई निघाली की माळ उरतो, आणि माळ तर कुठल्याही बाजूनं तसाच दिसतो.

आणखी एक पुरावा बघा. चौकोनी माउंटमधली स्लाइड प्रोजेक्टरमध्ये किंवा स्कॅनरमध्ये आठ प्रकारे घालता येते: चार बाजू फिरवून आणि दोन्ही अंगांनी. आठांतला एकच प्रकार बरोबर असतो. डोकं खाली झालं की लगेच कळतं. पण डावं-उजवं उलटलं, म्हणजे आरशात पाहावं तसं झालं, तर? फोटोत माणूस असला तर पकडता येतं. शर्टाची गुंडी भलत्या बाजूला जाते, पाटीवरची अक्षरं उलटतात, नेहमी डाव्या खांद्यावर असणारा पदर उजवीकडे येतो. डोंगराला गुंड्या नसतात. राजगडाची अख्खी सुवेळा माची नेढ्यासकट भलतीकडे गेलेली असली तरी फोटोखाली ‘अप्रतिम’ पडायचं ते पडतंच, आणि अर्धा अंश झुकलेलं क्षितिज पकडणारे जाणकारही ‘कॉम्पोझिशन छान’ म्हणून मोकळे होतात. हे पकडतो तो एकटा, ज्याच्या पायाखालून ती माची गेलेली असते. त्याला रूल ऑफ थर्ड्स माहीत नसतो. त्याला राजगड माहीत असतो.

यावर फिल्मचे जुने भक्त एक आक्षेप घेतात तो असा, की दुरुस्तीचं खूळ संगणकानं आणलं. फिल्मवर जे होतं ते सत्य होतं, आम्ही फक्त ते सत्य जसंच्या तसं स्कॅन करून ठेवतो. कुठलं सत्य? फुजीची वेल्व्हिया 1990 मध्ये आली आणि निसर्गचित्रकारांनी ती डोक्यावर घेतली, ती तिची हिरवळ हिरवळीपेक्षा हिरवी आणि संध्याकाळ संध्याकाळपेक्षा जांभळी असायची म्हणून. माणसांचे चेहरे मात्र ती उन्हात भाजल्यासारखे करायची, म्हणून लग्नाला कुणी ती वापरत नसे. त्याच पठारावर त्याच मिनिटाला कोडाक्रोम आणि वेल्व्हिया चालवल्या असत्या तर दोन वेगळ्या ऋतूंचे फोटो आले असते. फिल्मच्या काळात लबाडी नव्हती हेही खरं नाही. ॲन्सेल ॲडम्स यांनी 1944 मध्ये लोन पाइन गावाहून सिएरा नेवाडा पर्वतावरच्या हिवाळी पहाटेचं जे जगप्रसिद्ध चित्र घेतलं, त्यातल्या टेकडीवर गावच्या शाळेतल्या पोरांनी आपल्या गावाच्या नावाची ‘एल’ आणि ‘पी’ ही दोन प्रचंड पांढरी अक्षरं रंगवून ठेवली होती. ॲडम्स यांनी ती निगेटिव्हवरूनच घालवली आणि तसं केल्याचं पुढे लिहिलंही. (आपल्या गडांवरच्या कातळांवर जी बदामविद्ध नावं असतात ती पाहता या बाबतीत ॲडम्स यांची बाजू घ्यावीशी वाटते.) पुढे फेब्रुवारी 1982 च्या अंकात ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर मावावा म्हणून संगणकावर दोन पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले. साडेचार हजार वर्षं जागचे न हललेले पिरॅमिड मांडणीच्या सोयीसाठी हलले. गिल्पिनसाहेबांचा हातोडा अखेर चालला. तेव्हा ‘खरे रंग कोणते’ हा प्रश्न स्कॅनरसमोर बसून सुटणारा नाही, आणि त्यावर जे रात्री जागवतात ते पुन्हा मोजता येण्याजोग्या गोष्टीतच गुंतलेले असतात.

उलट मोजमापावर विसंबलं तर निवड हटकून चुकते, याचं एक भारी उदाहरण कोडाक्रोमच देते. ही फिल्म अंधारात ठेवली तर दशकानुदशकं ताजी राहते, पण प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्याखाली तिचे रंग लवकर उडतात. याचा अर्थ काय होतो पाहा. घरात जी स्लाइड सगळ्यांना आवडायची, ‘ती पुन्हा लाव रे’ म्हणून जी प्रत्येक पाहुण्याला दाखवली गेली, तीच सर्वांत फिकी झालेली असते. ज्या कंटाळवाण्या म्हणून खोक्यातून कधी बाहेरच निघाल्या नाहीत त्या मात्र टवटवीत. आता स्कॅन करणारा रंगांच्या हिशेबानं निवड करू लागला की टाकाऊ चित्रं पुढे येतात आणि लाडकी मागे पडतात. फिकेपणा हा इथे दोषच नाही. एवढ्या लोकांनी ती एवढ्या वेळा पाहिली, याची ती पावती आहे. पण यंत्राच्या आलेखात तिची नोंद ‘रंगहानी’ अशीच होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तंत्राचा पाया नको का? नवख्याला क्षितिज, एक्स्पोजर, फोकस कुणी सांगायचंच नाही का? जरूर सांगावं. समुद्र तिरका असला की पाणी चौकटीबाहेर सांडेल असं वाटतं आणि मन तिथेच अडकतं. तो दोष सांगितलाच पाहिजे. पण सह्याद्रीत समीक्षक ज्याला क्षितिज समजतात ते बहुतेकदा क्षितिज नसतंच. ती डोंगराची सोंड असते, आणि सोंड उतरती असणं हा तिचा धर्म आहे. आपले कातळथर लाव्हारसाचे, एकावर एक बऱ्यापैकी आडवे साचलेले, त्यामुळे जाणकाराला सरळ रेघेची सवय लागते हे मान्य. पण म्हणून कळसूबाईचा उतार सपाट करून मिळणार नाही. तंत्रातला कुठलाही दोष हा त्या विशिष्ट चित्रात दोष आहे की नाही, हे ते चित्र कशाबद्दल आहे ते कळल्याशिवाय सांगताच येत नाही. रघुबीर सिंह यांनी भारताचे रंगीत फोटो आयुष्यभर काढले, तेही कोडाक्रोमसारख्या स्लाइड फिल्मवर. 1999 मध्ये ते गेले. त्यानंतर निघालेल्या ‘अ वे इन्टू इंडिया’ या पुस्तकात अँबॅसडर गाडी जागोजाग चौकटीत घुसलेली आहे. कुठे दाराची कड देखाव्याला मधोमध चिरते, कुठे काच, कुठे आरसा. आपल्या परीक्षकांनी त्यांतले बहुतेक फोटो ‘गाडी क्रॉप करा’ असा शेरा मारून परत पाठवले असते. गाडी क्रॉप केली असती तर रस्ता, झाड आणि आकाश उरलं असतं, आणि भारत कशातून पाहिला जातोय हेच निघून गेलं असतं.

‘अप्रतिम’ म्हणण्यात कुणाचं काय जातं, असाही एक सौम्य आक्षेप आहे. जातं थोडंफार. कशाला दाद मिळते हे माणूस चटकन शिकतो आणि मग तेच काढायला जातो. त्यामुळे दुधासारखा दिसणारा तोच धबधबा, काजव्यांचं तेच झाड, गडाच्या बुरुजावर टॉर्च धरून आकाशगंगेकडे बघत उभा असलेला तोच इसम. कासवर टोपली कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते, त्या वर्षी निघालेले फोटो एकमेकांत मिसळले तर ज्याचे त्याला ओळखता यायचे नाहीत. आणि त्यावरही ‘फुलं जरा अजून हवी होती’ म्हणणारा असतोच. त्यानं पुढच्या बहरापर्यंत थांबावं.

मग म्हणावं तरी काय? आजीचे प्रश्न विचारावेत. हे कुठलं? तू तिथे का थांबलास? हे असं का दिसतंय? या तीन प्रश्नांना फोटो काढणाऱ्याकडे उत्तर असेल तर क्षितिजाचं नंतर पाहता येईल, आणि नसेल तर क्षितिज सरळ करून काही मिळणार नाही. स्कॅन करतानाही हाच क्रम हवा, पण तिथे नेमकं उलट घडतं. स्कॅनर फक्त आतली फिल्म टिपतो. माउंटवर शाईनं किंवा पेन्सिलीनं लिहिलेलं ‘भीमाशंकर, परतताना’, ‘नाना, बद्री’, एखादा महिना, एखादा आकडा, हे चौकटीबाहेर राहतं. आकाशातला ठिपका काढायला वीस मिनिटं देणारा माणूस हे उतरवून घ्यायला वीस सेकंद देत नाही. फाइलचं नाव राहतं ‘स्कॅन 0047’.

तारीख न लिहिण्यात मोठी मोठी माणसं फसली आहेत. ॲडम्स यांचं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय. लाइट मीटर सापडेना तेव्हा चंद्राची तेजस्विता आठवून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. आकाशाचा काळेपणा पुढे वर्षानुवर्षं प्रिंटगणिक बदलत नेला. इतक्या बारकाईनं वागणाऱ्या या माणसानं फोटो कधी काढला ते मात्र टिपलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःच वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी सालं दिली. शेवटी डेव्हिड एल्मोर या खगोल-अभ्यासकानं चंद्राच्या जागेवरून गणित मांडून 31 ऑक्टोबर 1941 ही तारीख काढली, आणि नंतर डेनिस डी चिको यांनी ते गणित तपासून ती एक दिवसानं पुढे सरकवली: 1 नोव्हेंबर 1941, दुपारचे 4 वाजून 49 मिनिटं. तुमच्या घरच्या महाबळेश्वरच्या स्लाइडसाठी एवढं करायला कुणी खगोल-अभ्यासक येणार नाही. तेव्हा स्कॅनर चालू करण्याआधी माउंटच्या दोन्ही बाजू वाचा आणि जे लिहिलंय ते फाइलच्या नावात उतरवा. जे लिहिलेलं नाही ते घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, आणि याच आठवड्यात विचारा. स्कॅन झालं म्हणून खोके रद्दीत घालू नका. धूळ काय, ती पुढच्या वर्षीही काढता येते.